चौदाव्या प्रकरणाचं प्रकरण

कादंबरीच्या एका प्रकरणासाठी एक मराठी लेखिका अमेरिकेत नेव्हाडातलं परवाना असलेलं वेश्यागृह बघायला गेली, त्याची ही हकीकत. हे लिहायला तिची परवानगी आहे. तिने मसुदा दोनदा वाचला आणि काही ओळी काढायलाही लावल्या. गाव, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आणि त्या घराचं नाव दिलेलं नाही. माणसांची नावंही नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कायदे, नियम आणि रस्ते मात्र आहेत तसेच ठेवलेत. मी यात त्रयस्थ नाही. कादंबरीचा मसुदा वाचणाऱ्या पाच जणांच्या गटात मी होतो, आणि "एकदा जाऊनच ये ना तिथे" हे वाक्य माझं.

पार्श्वभूमी

लेखिका पन्नाशीच्या पुढची. गिरगावात वाढलेली, गेली वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहणारी. आधीच्या दोन कादंबऱ्या कौटुंबिक म्हणाव्यात अशा. तिसरीची नायिका मराठी डॉक्टर आहे. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सीला आलेल्या परदेशी डॉक्टरने शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत जायचं असा नियम आहे. तो टाळायचा तर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करायची. त्यामुळे अमेरिकेतल्या आडगावच्या दवाखान्यात एखादा देशपांडे किंवा रेड्डी सापडतोच. ही नायिका नेव्हाडातल्या अशाच एका गावी येऊन पडते. गावाबाहेर परवाना असलेलं वेश्यागृह आहे आणि तिथल्या बायका दर आठवड्याला तपासणीसाठी तिच्यापुढे येऊन बसतात. कादंबरीचा सगळा पीळ या दर आठवड्याच्या भेटीत होता.

नेव्हाडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. लास व्हेगासमध्ये हा व्यवसाय कायदेशीर आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. राज्याच्या कायद्याने परवानाधारक घराबाहेर देहविक्रयाला सगळीकडे बंदी आहे, आणि ७ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या काउंटीत असा परवाना देताच येत नाही. लास व्हेगासची क्लार्क काउंटी तिथेच बाद होते. रिनोच्या वॉशो काउंटीने आपणहून बंदी घातलेली आहे. उरलेल्या ग्रामीण काउंट्यांपैकी दहाएक परवानगी देतात, आणि प्रत्यक्ष चालू असलेली घरं सगळ्या राज्यात मिळून वीसच्या आसपास. परवान्याची पद्धत १९७१मध्ये स्टोरी काउंटीत सुरू झाली. तिथलं मस्टँग रँच हे पहिलं परवानाधारक घर पुढे केंद्र सरकारने जप्त केलं आणि त्याची इमारत २००३मध्ये चक्क ईबेवर लिलावात विकली. (हे कादंबरीत घातलं असतं तर मीच "जरा जास्त होतंय" असा शेरा मारला असता.)

काम करणाऱ्या बाईला शेरीफच्या कचेरीतून वर्क कार्ड काढावं लागतं. बोटांचे ठसे, जुन्या गुन्ह्यांची चौकशी, सगळं होतं. पहिली तपासणी स्वच्छ आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. मग दर आठवड्याला गनोरिया आणि क्लॅमिडियाची चाचणी, दर महिन्याला एचआयव्ही आणि सिफिलिसची. एचआयव्हीची चाचणी १९८६पासून, कंडोमची सक्ती १९८८पासून. बाई घराची नोकर नसते, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार असते. ठरलेल्या रकमेतला साधारण निम्मा वाटा घराचा. खोली, जेवण, डॉक्टरची फी हे बऱ्याच ठिकाणी तिच्या निम्म्यातूनच जातं.

अडचण

चौदाव्या प्रकरणात डॉक्टर पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकते. लेखिकेने लिहिलं होतं: लाल दिवा, मखमली पडदे, सिगारेट ओढणारी जाडजूड मालकीण, कोपऱ्यात मुसमुसणारी कोवळी पोर. शनिवारच्या कॉलवर आमची नागपूरची सदस्या म्हणाली, "ताई, हा कामाठीपुराच आहे. फक्त खाली गालिचा टाकलाय."

लेखिका हसली, पण तिला ते लागलं. लहानपणी टॅक्सी पठ्ठे बापूराव मार्गावरून, म्हणजे जुन्या फॉकलंड रोडवरून जायला लागली की आई तिचं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरायची. आईच्या पदराच्या फटीतून जेवढं दिसलं, तेवढ्यावर तिने अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

शब्दांचाही घोळ होताच. कुंटणखाना म्हटलं की कुंटीण आली. वेश्यागृह हा शब्द पंचनाम्यातला. कोठा लखनौचा. रँच लिहिलं तर मराठी वाचकाला गुरं दिसतात. सांगलीकडच्या संघटित झालेल्या बाया आपल्या कामाला सरळ 'धंदा' म्हणतात, आणि तो शब्द मला स्वतःला सगळ्यात स्वच्छ वाटतो. पण आपल्याकडे १९५६च्या कायद्याने असं घर चालवणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक शब्दाला धाड, सुटका आणि सुधारगृहाचा वास येतो. ज्या जागेची परवाना फी सरकारी तिजोरीत जमा होते आणि जिच्या दारावर आरोग्य खात्याची पाटी असते, तिच्यासाठी मराठीत शब्द घडण्याची वेळच आलेली नाही.

आणखी एक खटका होता. पुण्याचे आमचे सदस्य, निवृत्त पत्रकार, म्हणाले की परवाना आहे म्हणजे सगळं गोडगोड आहे असं दाखवू नका. नेव्हाडात हा वाद जुनाच आहे. २०१८च्या नोव्हेंबरात लायन काउंटीत ही घरं बंद करायची का यावर मत घेतलं, आणि मतदारांनी बंदी मोठ्या फरकाने नाकारली. तरी तिथे काम केलेल्या काही बायका या व्यवस्थेवर कडक टीका करतात. लेखिकेच्या मसुद्यात मात्र दोन्ही बाजू नव्हत्या. तिथे फक्त रडणारी पोर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरी बसून वाचायचा. राज्याचे नियम, समाजशास्त्रज्ञांचे अभ्यास, माहितीपट, सगळं मिळतं. लेखिकेने ते दोन महिने केलं. त्यातून नियम कळले, पण डॉक्टर आत शिरल्यावर तिच्या कानावर पहिला आवाज कोणता पडेल ते कळेना.

दुसरा, अशा गावात काम केलेल्या डॉक्टरशी बोलायचं. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून अशी एक मराठी डॉक्टर खरंच सापडली. तिने तीन वर्षं अशा गावात काढली होती आणि आता दुसऱ्या राज्यात होती. फोनवर तासभर बोलली, पण दवाखान्यापुरतंच: नमुने कुठल्या नळीत घेतात, कुरिअर किती वाजता येतं, रिपोर्ट कुणाला जातो. रुग्णांबद्दल एक अक्षर नाही. "लिहून झालं की वैद्यकीय भाग मला दाखवा, चुका काढून देईन," एवढं मात्र कबूल केलं. हे वाक्य पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

तिसरा पर्याय, नवऱ्याला घेऊन गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि गुपचूप बघून यायचं. गटातल्या एकाला हाच पर्याय सगळ्यात 'खरा' वाटत होता. लेखिका म्हणाली, "मी माझ्या स्वयंपाकघरात असं कुणाला बसू देईन का?" विषय तिथेच मिटला. या सगळ्या प्रकरणात तिने घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय, असं माझं मत आहे.

चौथा, सरळ फोन करून विचारायचं. तिने तेच केलं. पहिल्या दोन घरांनी नाही म्हटलं. तिसऱ्या घराच्या व्यवस्थापक बाईंनी ऐकून घेतलं आणि अटी सांगितल्या: मधल्या वारी यायचं, दुपारी चारच्या आत. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, फोन पैसे भरायच्या खिडकीवर जमा. बायका बोलतील की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. "आणि कुणाचाही वेळ फुकट नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

यावरून गटात भांडण झालं. पत्रकार म्हणाले, पैसे देऊन घेतलेली मुलाखत ही मुलाखतच नव्हे, समोरचा माणूस तुम्हाला हवं तेच बोलतो. लेखिकेचं म्हणणं असं की वकिलाला तासाची फी देतो तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मी पैसे द्यावेत या बाजूचा होतो आणि आजही आहे. पण तेव्हा आमच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. विद्यापीठातल्या संशोधकाला नीतिसमितीपुढे जावं लागतं. संमती कशी घेणार, पैसे कसे देणार, कुणी नंतर शब्द मागे घेतले तर काय करणार, हे आधी लिहून द्यावं लागतं. कादंबरीकाराला कुणी विचारत नाही. आम्ही पाच जण तिची समिती होऊ शकलो असतो. आम्ही पैशांवरून वाद घातला आणि बाकीचे प्रश्न विचारलेच नाहीत.

प्रवास

जानेवारीचा शेवटचा आठवडा. गुरुवारी सकाळी निघायचं, दुपारी पोहोचायचं, असा बेत. डॉनर खिंडीत सात हजार फुटांवर बर्फ पडत होता. आय-८० महामार्ग बंद झाला आणि लेखिकेला नि तिच्या यजमानांना कोलफॅक्सहून परत फिरावं लागलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा निघाले. खिंडीत चाकांना साखळ्या चढवण्यात आणि ट्रकांच्या मागे रांगेत तीन तास गेले. रिनो, फर्नली, लव्हलॉक मागे टाकून घरापुढे गाडी लागली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. वार शुक्रवार.

यजमान म्हणाले, "अगं, आज नको. मोटेल घेऊ, उद्या दुपारी जाऊ."

शनिवारची दुपार गर्दीचीच असणार, आणि रविवारी घरी तीसेक बायकांचं हळदीकुंकू ठेवलेलं. तिळगुळाचे डबे डिकीत तसेच पडले होते. तिने फाटकाची घंटी दाबली.

व्यवस्थापक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणाल्या, "शुक्रवार आहे." मग थोडं थांबून, "बघा, जमलं तर." लेखिकेने हा होकार समजला. मला ती शब्दशः सांगते तेव्हा त्यात मला होकार ऐकू येत नाही. दूरवरून आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवणं जिवावर आलेल्या बाईचे ते शब्द आहेत.

आत

बाहेरून ते घर म्हणजे एकमेकांना जोडलेली तीन-चार बैठी, तयार खोक्यांची घरं. पत्र्याचं कुंपण, ट्रकना वळायला मोठं अंगण. आत शिरताच बार, अगदी कुठल्याही लहान गावात असतो तसा. पूल टेबल, टीव्हीवर बास्केटबॉल. लाल दिवा एक होता, तोही बंद.

यजमान बारवर बसले. जिंजर एल मागवलं आणि पिशवीतून दिवाळी अंक काढला. येणारी प्रत्येक बाई अदबीने विचारायची, घर बघायचंय का? हे प्रत्येकीला सांगायचे, "मी ड्रायव्हर आहे." तिसऱ्या वेळेपासून बारवाली स्वतःच सांगायला लागली, "तो ड्रायव्हर आहे, तो वाचतोय." या गृहस्थांनी त्या रात्री दोन दीर्घकथा आणि एक राशिभविष्य वाचलं. सगळ्या मोहिमेत कुणालाही त्रास न देणारे तेवढे एकच.

लेखिकेला स्वयंपाकघरात नेलं. खिडकीशेजारच्या फळीवर पांढरे किचन टायमर ओळीने मांडलेले, अंडी उकडताना लावतात ते. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. पलीकडे ड्रायर सतत घरघरत होता. टॉवेल, चादरी, पुन्हा टॉवेल. डॉक्टरच्या कानावर पडायचा पहिला आवाज तो होता. लेखिका सांगते की हे तिच्या ताबडतोब लक्षात आलं आणि तिथूनच परत फिरलं असतं तरी चाललं असतं.

लांब टेबलाशी दोघी बसलेल्या. त्यातल्या निळ्या स्वेटरवालीने पुढ्यात बुटांचा खोका उपडा केला होता. पावत्यांचा ढीग. अमेरिकेत १५ एप्रिलपर्यंत आयकराचं विवरण भरायचं असतं, आणि स्वतंत्र कंत्राटदाराला आपला खर्च आपणच दाखवावा लागतो. ती गठ्ठे लावत होती: लिपस्टिक, कपडे, पेट्रोल, तपासणीची फी. प्रत्येक गठ्ठ्यावर रबरबँड. चष्मा नाकावर घसरलेला. "हे वजा मिळतं का गं?" तिने शेजारणीला विचारलं आणि केसांना लावायच्या कर्लरची पावती वर धरली. शेजारीण, वयाने बरीच लहान, म्हणाली, कामासाठी वापरतेस ना, मग टाक.

लेखिकेने स्वतःची ओळख करून दिली. कादंबरी, डॉक्टर, गाव. धाकटी उत्साहाने बोलायला लागली. गिऱ्हाईक आलं की पार्लरमध्ये, म्हणजे पुढच्या बैठकीत, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. फक्त नाव सांगायचं, डोळा मारायचा नाही, पुढे वाकायचं नाही. तसं करणं म्हणजे डर्टी हसलिंग, त्यावरून भांडणं होतात. भाव खोलीत गेल्यावरच ठरतो, मग खिडकीवर पैसे, मग टायमर. तिचं वाक्य अर्ध्यात असताना गिऱ्हाईक आल्याची घंटा वाजली.

निळ्या स्वेटरवालीने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला, आतला झगा नीट केला आणि ती गेली. धाकटीही उठली. लेखिकेने तिच्या मनगटावर हात ठेवला. "एकच मिनिट, एवढं सांगून जा."

धाकटी थांबली. सांगितलं. गेली, आणि हिरमुसली होऊन परत आली. काय झालं ते लेखिकेला नंतर खोलीत कळलं. रांगेला उशीर झाला की या घरात दंड होता. शिवाय त्या गिऱ्हाइकाने ती पोहोचण्याआधीच निवड केली होती. आठवड्यातली सगळ्यात चांगली रात्र, आणि लेखिकेने फुकटात घेतलेलं ते एक मिनिट. दुपारी चारच्या आत या, असं व्यवस्थापक बाई का म्हणाल्या होत्या त्याचा अर्थ हा.

खोलीतली पंचेचाळीस मिनिटं निळ्या स्वेटरवालीची. भाव तिनेच सांगितला: तीनशे डॉलर. लेखिकेने घासाघीस केली नाही. खिडकीवर पैसे भरले, टायमर लागला. निम्मे घराचे हे कळल्यावर लेखिकेने आणखी शंभराची नोट हळूच तिच्या हातात सरकवली. बाईने मूठ उघडली नाही. "खिडकीवर द्या. खिडकी चुकवून घेतलं असं कुणाला वाटलं तर माझी बॅग आजच भरावी लागेल." मदत करायला गेलेल्या हाताने दुसऱ्यांदा गोंधळ केला होता.

ती चांगली बोलली. सलग तीन आठवडे इथे आणि मग दहा दिवस घरी, ही पाळी. तपासणीच्या दिवशी सगळ्या एकाच गाडीतून जातात आणि परतताना एका ठरलेल्या ठिकाणी पॅनकेक खातात. लोक काय विचारतात, आणि काय विचारत नाहीत. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमाराला आपल्या घरच्यांबद्दल तिने एक गोष्ट सांगितली. हे काम त्यांच्यापासून ती कशी लपवते, याची एक फार साधी आणि फार चलाख युक्ती. ती काय ते मी इथे लिहीत नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "हे तुमच्या पुस्तकात नको हं." लेखिका म्हणाली, "नाही, नाही." टायमर वाजला.

मसुदा

तीन आठवड्यांत नवीन चौदावं प्रकरण आलं. आम्ही थक्क झालो. ड्रायर, टायमर, पावत्या, पॅनकेक, सगळं होतं. शब्दाचा प्रश्नही सुटला होता. तिथल्या बायका त्या जागेला 'हाउस' म्हणतात. लेखिकेने नुसतं 'घर' लिहिलं. आपल्याकडे कामाठीपुऱ्यातही चालवणारी ती 'घरवाली'च की. शब्द तसा जवळच पडलेला होता.

आणि प्रकरणाच्या शेवटी ती युक्तीही होती. पात्राचं वय बदललं होतं, केसांचा रंग बदलला होता, पण युक्ती जशीच्या तशी.

मी विचारलं, हे तिने नको म्हटलं होतं ना? लेखिकेचं उत्तर तयार होतं. "अरे, मराठीत आहे. नेव्हाडात कोण वाचणार मराठी?" मला ते पटलं, हे लिहून ठेवतो. पत्रकार गप्प बसले. नागपूरची सदस्या तेवढी म्हणाली की ती बाई तुमच्याशी इंग्रजीत बोलली, कुठल्या भाषेत लिहू नका असं तिने सांगितलं नव्हतं. आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळलो, कारण ते शेवटचं पान खरोखर फार चांगलं होतं.

ठरल्याप्रमाणे मसुदा मराठी डॉक्टरकडे गेला. दहा दिवसांनी परत आला. दोन ठिकाणी चाचण्यांची गल्लत दुरुस्त केलेली, एका ठिकाणी नळीच्या झाकणाचा रंग. आणि शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलने एकच ओळ: "हे तिने तुम्हाला लिहायला सांगितलं होतं का?"

'तिने.' पात्राचं नाव नाही, 'त्या बाईने' नाही. लेखिकेने लगेच फोन केला. डॉक्टर काहीच बोलली नाही, आणि डॉक्टर म्हणून तिला बोलताही येत नव्हतं. ओळखते असं म्हणाली नाही, ओळखत नाही असंही म्हणाली नाही. हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला. पण नेव्हाडात मराठी कोण वाचणार, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

निष्पत्ती

पान गेलं. त्या जागी लेखिकेने निळी स्वेटरवाली पावत्यांना रबरबँड लावतेय आणि डॉक्टर तिला कर्लर वजा मिळतो का ते सांगू शकत नाही, एवढंच ठेवलं. नाट्य कमी झालं, असं दोघांना वाटलं. मला नव्या शेवटात डॉक्टर पहिल्यांदा खरी वाटली, कारण त्या घरात तिचंही ज्ञान कमी पडतं. पण हे मी आता म्हणतोय. तेव्हा मीही जुन्या पानासाठी हळहळलो होतो.

धाकटीच्या दंडाची रक्कम लेखिकेने घराच्या पत्त्यावर चेकने पाठवली, व्यवस्थापक बाईंच्या नावे चिठ्ठी जोडून. चेक वटला. उत्तर आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवारी आत जायला नको होतं. बाकी सगळं यातून निघालं. लेखिका अजून म्हणते की हळदीकुंकू रद्द करणं अशक्य होतं. आम्ही यावर हसतो, पण तिचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. ज्याच्याकडे अनुदान नाही, रजा नाही, तो लेखक दोन सणांच्या मधल्या फटीतच संशोधन करतो, आणि मग ती फट दुसऱ्या कुणाच्या तरी कामाच्या वेळेवर येऊन पडते. फोन करून "रस्ता बंद होता, मार्चमध्ये येऊ का?" असं विचारता आलं असतं. व्यवस्थापक बाई हो म्हणाल्या असत्या, असं मला वाटतं.

स्वयंपाकघरातलं बोलणंही पैसे भरूनच व्हायला हवं होतं. जिथे मिनिटांची किंमत फळीवर ओळीने मांडलेली आहे, तिथे 'सहज गप्पा' मारणारी एकटी लेखिकाच होती. पत्रकारांचा आक्षेप होता की पैशाने बोलणं बिघडतं. इथे पैसे न देता झालेल्या वीस मिनिटांनीच नुकसान केलं.

शंभराची नोट खिडकीवरच द्यायची होती. घराचा निम्मा वाटा अन्याय्य आहे असं मलाही वाटतं. पण तो वाद ज्या बाईच्या कामावर बेतणार आहे, तिच्या मुठीत नोट कोंबून तो लढता येत नाही.

संमतीबद्दल माझं मत गटात सगळ्यांना मान्य नाही. संमती बोलणं संपल्यावर, टायमर वाजण्याच्या आधी पाच मिनिटं राखून, पुन्हा विचारायला हवी: यातलं काय लिहू, काय नको? पत्रकार म्हणतात असं केलं तर साहित्यात काही उरणारच नाही, लोक सगळं चांगलंच मागे घेतात. त्यांचं अगदीच खोटं नाही. निळ्या स्वेटरवालीने सगळ्यात चांगलं तेच मागे घेतलं होतं. पण तिने न विचारता, आपणहून ते केलं, आणि तरीही आम्ही पाच शिकलेल्या माणसांनी त्यातून वाट काढायचा प्रयत्न केला.

आणि डॉक्टर. तिला मसुदा दाखवताना आपण तिलाही कोंडीत पकडतोय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्या पानावर तिला खरंच कुणी दिसलं असेल, तर एका रुग्णाचं गुपित दुसऱ्याच वाटेने तिच्या हातात आलं होतं आणि त्याबद्दल तिला कुणाशीही बोलता येत नव्हतं. वैद्यकीय पानं तेवढी वेगळी काढून पाठवता आली असती. मग समासातली ती ओळ आली नसती आणि पान छापून गेलं असतं. यावर काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कादंबरी छापून आल्यावर, त्या भेटीला वर्ष उलटून गेल्यावर, लेखिकेने त्या घरी फोन केला. निळ्या स्वेटरवालीला सांगायचं होतं की ते लिहिलं नाही. तिथे बायका धंद्याचंच नाव वापरतात, तेच नाव तिने सांगितलं. पलीकडे नवीन आवाज होता. ती केव्हाच सोडून गेली, म्हणाली. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"पण त्या नावाची आता दुसरी आहे. तिच्याशी बोलायचंय का?"